कडीखालचा काठ

रविवारी विहारातली वंदना आटोपली की मी ओट्यावर बसते. समोर स्टूल, स्टुलावर पांढरा रुमाल, रुमालावर भिंग. कुणाकडे जुनं नाणं असलं तर ते घेऊन येतात आणि मी सांगते, हे टाकसाळीतच चुकलं की नंतर कुणाच्या हातून बिघडलं. एवढंच काम. फी नाही, पावती नाही. चहासुद्धा मी माझ्या थर्मासमधलाच पिते, कारण दुसऱ्याचा चहा घेतला की गोड बोलावं लागतं आणि ते मला जमत नाही. बत्तीस वर्षं आदिलाबादच्या शाळेत मराठी माध्यमाला गणित शिकवलं. बरोबरला बरोबर, चुकीला फुली, पुढची वही.

हा नाद लागला तो भैंशाच्या बसमध्ये. कंडक्टरने मोड दिली त्यात एक रुपया असा आला, की त्यावरचा छापच एका बाजूला सरकलेला होता. अर्धा सिंह होता, अर्धा गायब. चहावाल्याने तो घेतला नाही, किराणेवाल्याने घेतला नाही, कंडक्टरला परत द्यायला गेले तर तो माझ्यावरच खेकसला. असं कसं झालं असेल, या एका प्रश्नापायी मी पुस्तकं मागवली, भिंग घेतलं, आणि मग सुटकाच नाही. घरचे म्हणायचे, बाई निवृत्त झाल्या आणि पोरखेळ सुरू झाला. म्हणोत बापडे.

अलीकडे मोबाईलवरच्या व्हिडिओंनी उच्छाद मांडलाय. अमक्या नाण्याचे लाखो मिळतात, तमक्याचे कोटी. मग काय, लोक घरातले डबे पालथे घालून येतात. स्टेशनामागे राहणारे एक गृहस्थ पोळीसारखं चपटं झालेलं नाणं घेऊन आले आणि टाकसाळीत दाब जास्त बसला म्हणून मलाच समजावून सांगू लागले. मी विचारलं, मालगाडी होती की पॅसेंजर? ते पुन्हा आले नाहीत. जैनथकडचा एक जण पिशवीभर नाणी घेऊन आला. पैनगंगेच्या पुलावरून बस गेली की लोक खिडकीतून नाणं टाकतात, हात जोडतात. नदी आटली तेव्हा त्याने ती वेचली होती. पाण्याने खाऊन खाऊन त्यांच्यावरचे आकडे बुजलेले. तो म्हणत होता, आकडाच नाही, म्हणजे सरकार विसरलं. मी म्हटलं, सरकार विसरलं नाही, नदीने पुसलं. त्याला राग आला, पण पिशवी मात्र त्याने नीट बांधून परत नेली.

आता यातली गोम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टाकसाळीतली चूक असली तर सगळं नाणं तिला धरून असतं. एका बाजूला छाप सरकला तर दुसऱ्या बाजूला तेवढी जागा रिकामी राहते. एकीकडे काही कमी पडलं तर त्याची खूण दुसरीकडे सापडतेच. बिघाडाचं तसं नसतं. जिथे मार बसला तिथे बसला, बाकीचं नाणं आपलं निवांत. म्हणून खोट दिसते तिथेच डोळे लावून भागत नाही, उरलेलं नाणंही पाहावं लागतं. हे मी त्या ओट्यावर शंभरदा बोलले असेन. आणि एकदा, फक्त एकदाच, स्वतः केलं नाही.

त्यालाही कारण होतं. आमच्या भागात नाणी नुसती खर्चायला नसायची. बायका ती अंगावर घालायच्या. चांदीचे रुपये असोत की पितळी पैसे, सोनाराकडून त्यांना वर कडी लावून घ्यायची आणि काळ्या मण्यांच्या पोतीत ओवायची. कडी बसवायची म्हणजे सोनार काठ घासणार, डाग देणार, म्हणजे धातू वितळवून जोड पक्का करणार, वर पुन्हा कानस मारणार. त्या नाण्यात टाकसाळीचं काय आणि सोनाराचं काय, हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून मी एक नियम करून टाकला होता. कडी दिसली की बिघाड. पुढे पाहायचंच नाही. वेळ वाचतो.

त्या रविवारी ओट्यावर गर्दी होती. ऊन तापायला लागलं होतं आणि माझं डोकंही. आधीच एकाने दोन नाणी घासून एकमेकांना चिकटवून आणली होती आणि दोन्हीकडे सिंह असलेलं नाणं म्हणून माझ्याशी हुज्जत घालत होता. त्याला वाटेला लावलं तेव्हा त्याच्या मागे एक म्हातारी उभी होती. सत्तरीची असेल. पैनगंगेच्या काठच्या गावची, जैनथ मंडलातली. तिला मी चेहऱ्याने ओळखत होते. तिचा मुलगा आदिलाबाद ते जैनथ ऑटो चालवतो आणि दर पौर्णिमेला तिला विहारात आणून सोडतो. मी तिला मावशी म्हणायचे, पण ओळख तेवढीच.

तिने पदराच्या गाठीतून नाणं काढलं. पितळी वीस पैसे, मागे कमळ. माझ्या वयाच्या लोकांना ते आठवत असेल. पिवळं धमक नाणं होतं, आणि तेव्हा गावोगाव एकच बोलवा, की यात सोनं मिसळलंय. नव्हतं. पण सोन्याची आस लागली की माणूस ऐकतो कुणाचं? तिच्या नाण्याचा खालचा काठ कुरतडल्यासारखा होता, अर्धचंद्राएवढा तुकडा गेलेला. वरच्या बाजूला कडी. डाग दिलेला जाडजूड, नाण्याच्या दोन्ही अंगांवर पसरलेला. आणि बाकीचं सगळं नाणं चिंच-राखेने घासून लख्ख केलेलं. बाईंपुढे न्यायचं तर स्वच्छ करून न्यावं, म्हणून आदल्या दिवशी बसून घासलं होतं तिने. असं घासलं की नाण्यावरच्या बारीक खुणा जातात. पण आमच्याकडे पाहुण्यापुढे भांडं काळं ठेवत नाहीत, तर नाणं कसं ठेवतील?

ती म्हणाली, "बाई, हे सरकारकूनच असं आलं का कोनं कापलं, तेवढं सांगा."

मी कडी पाहिली. भिंग लावलं, पण ते रिवाज म्हणून. चावा पाहिला, कडेवर दोन ओरखडे दिसले. आणि सांगून टाकलं.

"कापलेलं आहे मावशी. हातानं."

तिने विचारलं, पक्कं का? मी म्हटलं, पक्कं. तिने नाणं घ्यायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. तुमच्यापाशीच राहू द्या म्हणाली, मले नको आता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लाखाची आशा मोडली की पुष्कळ लोक नाणं तिथेच टाकून जातात. मी ते बिघडलेल्या नाण्यांच्या डब्यात टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल.

नंतर दोन-अडीच महिने गेले. मध्ये एका पौर्णिमेला ती दिसली नाही, हे माझ्या लक्षात आलं असंही म्हणवत नाही. एक दिवस बाजारातून घरी जायला ऑटो केला तर तो तिच्याच मुलाचा निघाला. मी बसल्या बसल्या त्याने हँडल सोडून हात जोडले. म्हणाला, बाई, तुमचे लय उपकार झाले, आमच्या घरातलं पन्नास वर्षांचं भांडण तुम्ही मिटवलं. मी म्हटलं, आधी समोर बघ बाबा, मग सांग.

मग त्याने सांगितलं ते असं. त्याची आई आणि तिची थोरली बहीण, दोघी पोरवयात हंगामाला भैंशाच्या जिनिंगमध्ये जायच्या, कापूस निवडायला. थोरलीचं लग्न ठरलं होतं. तिला पोत करायची होती आणि सोनं तर स्वप्नातही नव्हतं. म्हणून ही कमळाची नाणी जमवायची ठरलं. चहावाल्याला गळ घाल, दुकानदाराला गळ घाल, असं करत सात नाणी जमली. ठेवायला दिली धाकटीकडे, कारण ती नीटनेटकी. सोनारापुढे पुडी सोडली तेव्हा सातातलं एक चावलेलं निघालं. नाणी घेताना कुणी निरखून पाहिलंच नव्हतं, पिवळं दिसलं की घेतलं. आणि नेमकी त्याच महिन्यात धाकटीच्या नाकात चमकी आलेली. चमकी मामीने दिली होती. पण मामी त्याच पावसाळ्यात वारली, विचारणार कुणाला? थोरलीने हिशेब लावून टाकला. नाणं कापलं, सोनं काढलं, चमकी केली.

धाकटी म्हणाली, मी नाही. थोरलीने सोनाराला सांगितलं, कडी अशी लाव की चावलेली बाजू खाली लोंबली पाहिजे. लोकांना दिसू दे. आणि ती पोत तिने आयुष्यभर घातली. लग्नांत, बारशांत, मयतीतसुद्धा. कुणी विचारलं की सांगायची. दोघींचं येणं-जाणं होतं, बोलणंही होतं, पण मधे ते नाणं लोंबत असायचं. धाकटीने ती चमकी तेव्हाच काढून नदीत टाकली. पुन्हा कधी नाकात काही घातलं नाही. मला तिचा चेहरा आठवला. नाक मोकळंच होतं खरं.

मागच्या उन्हाळ्यात थोरलीच्या नातीचं लग्न झालं, नेरडीगोंड्याला. थोरलीने पोत सोडली आणि घरातल्या लेकीसुनांना एकेक नाणं वाटलं. चावलेलं राहिलं. ते सगळ्यांसमोर धाकटीच्या हातावर ठेवलं. म्हणाली, हे इचं, इनंच कापलं, इलेच असू द्या. बायका हसल्या. ते नाणं घेऊन म्हातारी माझ्याकडे आली होती. सरकारकूनच असं आलं, एवढं ऐकायला.

आणि मी सांगितलं, हातानं.

मुलगा मात्र खुशीत होता. तो सांगत होता, की आई तुमच्याकडून आली आणि दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, मले नेरडीगोंड्याले ने. तिथे जाऊन तिने बहिणीचे पाय धरले आणि कबूल केलं. व्हय, म्याच कापलं. थोरली रडली, हिला पोटाशी धरलं, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणाली. आता दर आठवड्याला फोन होतात. आणि मोठ्या मायने, म्हणजे त्या थोरल्या मावशीने, ते नाणं परत मागवलंय, बाकीची सहा वाटली तरी हे एक गळ्यात बांधीन म्हणते, माझ्या बहिणीची आठवण म्हणून. तेवढं तुमच्याकडे राहिलंय, ते द्याल का?

मी म्हटलं, शोधून ठेवते, पुढच्या आठवड्यात ये. घर आलं होतं. उतरताना पिशवी ऑटोत विसरले, ती त्याने पळत येऊन दिली.

घरी आले, पंखा लावला, पाणी प्यायले. मनात एकच चाललं होतं. नाणं कापणारी बाई ते घेऊन माझ्याकडे कशाला येईल? कापलं असतं तर तिला माहीत असतंच की. ज्याला उत्तर माहीत नाही तोच विचारायला येतो, हे मी बत्तीस वर्षं वर्गात पाहिलेलं आहे. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात त्या दिवशी आली नाही, कारण मी बाईकडे पाहिलंच नव्हतं. नाण्याकडेही नाही. फक्त कडीकडे पाहिलं होतं.

डबा काढला. दुपारचा उजेड खिडकीत चांगला येतो, तिथे बसले आणि या वेळी नीट पाहिलं. चाव्याची कड गुळगुळीत, एकसारख्या गोलाईची. कातरीने किंवा छिन्नीने कापलं तर अशी गोलाई येत नाही, कुठेतरी धार राहते, कुठेतरी खाच दिसते. मी पाहिलेले दोन ओरखडे वरवरचे होते, पन्नास वर्षं मण्यांवर घासल्याचे. आणि चाव्याजवळची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी पसरत गेलेली.

असं नाणं कसं होतं ते मला पाठ आहे. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या पाडतात. पट्टी नीट पुढे सरकली नाही की नवी चकती आधीच्या भोकाला लागून पडते, आणि तेवढा गोल तुकडा मुळातच कमी येतो. मग ती चकती काठ उभा करायच्या यंत्रात जाते. तिथे तिला दोन्ही बाजूंनी दाबतात. एका बाजूला धातूच नसला तर बरोबर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, आणि तिथला काठ उभाच राहत नाही. म्हणजे खालचा तुकडा कुणी कापला की तो नव्हताच, याचं उत्तर वरच्या काठावर असतं. आणि वरच्या काठावर होती कडी. थोरलीने रागाच्या भरात चावा खाली ठेवायला लावला, आणि तिच्या बहिणीची एकुलती एक साक्ष त्या डागाखाली बुजून गेली. तिला बिचारीला काय माहीत. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सोनाराकडे गेले. तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलतो. त्याला म्हटलं, कडी काढायची आहे, पण खालच्या नाण्याला ओरखडा आला तर याद राख. त्याने बारीक आच दिली, चिमट्याने कडी उचलली, डाग हळूहळू पुसून काढला. मी भिंग लावलं. तिथला काठ उभा राहिलेलाच नव्हता. दोन्ही अंगांना, चाव्याच्या बरोबर समोर, नखाएवढी जागा सपाट. सोनाराची कानस म्हणावी तर काठ निराळा दिसला असता, एका अंगाला जास्त आणि एका अंगाला कमी. ही जागा दोन्हीकडे सारखी होती आणि दोन्ही टोकांना हळूहळू चढत काठाला मिळत होती. डागाने ती झाकली होती आणि झाकली म्हणूनच चिंच-राखेपासून वाचलीही होती. सोनार विचारत होता, क्या मेडम, असली है क्या? मला माझीच शरम वाटत होती, आणि ती दुकानात उभं राहून वाटायला लागली की कुठे बघावं कळत नाही.

मुलाची वाट पाहिली नाही. जैनथची बस धरली, पुढे शेअर ऑटो. वाटेत दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. जन्मात कधी विद्यार्थ्याची माफी मागितलेली नाही, तेव्हा जुळायची कुठून?

मावशी अंगणात तुरीच्या काड्या बांधत होती. मला पाहून गडबडली, बाज टाकली, पाणी आणलं. मी बसलेच नाही आधी. उभ्यानेच सांगितलं, की माझं चुकलं, मी नीट पाहिलं नव्हतं, तुम्ही नाणं कापलेलं नाही, ते टाकसाळीतूनच तसं आलं होतं. मग मी बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. भिंग दिलं, पण तिला त्यातून काही दिसेना. तेव्हा मी तिचं बोट धरलं आणि अंगठ्याचं नख नाण्याच्या काठावरून फिरवायला लावलं. नख काठावर अडत अडत गेलं आणि त्या एका जागेवर आलं तसं सुळकन घसरलं. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा. मग नाणं उलटून दुसऱ्या अंगाने. किती वेळ फिरवत होती कोण जाणे. कोंबड्या काड्यांत शिरल्या तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मंग म्या नाई कापलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही.

मला राहवलं नाही. विचारलं, मावशी, तुम्हाला तर माहीत होतं, मग बहिणीपुढे जाऊन कबूल का केलं? ती हसली. म्हणाली, "तुमी भिंग लावून पाह्यलं ना बाई. म्या दोन दिस इचार केला. शिकलेलं मानूस खोटं काऊन बोलन? मंग वाटलं, कापलं असन म्या. पोरपनी येडपटासारखं कापलं असन अन् इसरली असन."

पन्नास वर्षं सगळ्या गोतावळ्यापुढे जी बाई वाकली नाही, ती माझ्या एका शब्दावर स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवून मोकळी झाली. मी तिथल्या तिथे म्हटलं, की उद्याच आपण नेरडीगोंड्याला जाऊ, मी तुमच्या बहिणीला समजावून सांगते, लिहून देते, नख फिरवायला लावते, हवं तर सगळ्या पाव्हण्यांपुढे सांगते. मला घाईच झाली होती. माझी चूक मला त्याच दिवशी पुसायची होती.

मावशीने नाणं पदराने पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाली, "नका जाऊ बाई. तिनं मले पोटाशी धरलं, माफ केलं म्हने. आता तिले सांगू काय, का तूच चुकली, जलमभर? तिले किती वर्सं राह्यले? आता माफी मांगायची पाळी तिच्यावर आनू काय?"

मी वाद घातला. खरं ते खरं, असं काहीतरी म्हणाले. तुम्ही चोर नाही हे तिला कळायला नको का, म्हणाले. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, मोठ्या माणसाने लहानाचं ऐकून घ्यावं तशी. शेवटी म्हणाली की मला कळलं, तुम्हाला कळलं, दोघींना पुष्कळ झालं. आणि मग तिने कामाचं विचारलं. कडी कुठे आहे? बहिणीला नाणं गळ्यात बांधायचंय, कडी नसली तर ती विचारणार, कडी काऊन काढली. काय सांगायचं?

कडी माझ्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेली होती. मी म्हटलं, बसवून आणते. तिने मला ज्वारीची भाकर आणि ठेचा खायला घातला. मी दुसऱ्याच्या घरचं सहसा खात नाही, त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. निघताना तिने नाणं माझ्या हातात दिलं, त्याआधी आणखी एकदा त्या जागेवरून नख फिरवलं. पोराला काही सांगू नका, एवढंच बजावलं.

सोनाराकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्याने नाणं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि धंद्यातला माणूस म्हणून मला सल्ला दिला. आधी कडी वाकड्या जागी होती, कमळ तिरपं लोंबत होतं, टूट पण खाली दिसत होती. त्यापेक्षा कडी चाव्याच्या बाजूला बसवतो, डागात टूट झाकून जाईल, कमळही सरळ येईल. बघणाऱ्याला कळणार पण नाही. काम चोख करून देतो, मेडम.

मी मोबाईल काढला. ती सपाट जागा पुन्हा झाकली जायच्या आत तिचा एक फोटो घ्यावा असं वाटलं, माझ्या वहीसाठी. मग मोबाईल परत पर्समध्ये टाकला. सोनार आच पेटवून थांबला होता. त्याने पुन्हा विचारलं, किधर बिठाऊँ?

मी त्याला जागा बोटाने दाखवली. म्हटलं, जिथे होती तिथेच. आणि डाग जरा जाड दे.